विश्लेषण : ना इंजिन, ना इंधन… सूर्यप्रकाशावर चालणारे चिमुकले उपग्रह कसे असतात?

पाव रोटीच्या आकाराचा, जेमतेम पाच किलोचा उपग्रह. त्यात इंजिन नाही, इंधनाची टाकी नाही. तरीही जुलै २०१९ मध्ये ‘लाइटसेल २’ने पृथ्वीभोवतीच्या आपल्या कक्षेचा सर्वांत दूरचा बिंदू आठवडाभरात सुमारे दोन किलोमीटरने वर नेऊन दाखवला. त्याला ढकलत होता तो केवळ सूर्यप्रकाश. ‘सौरशीड’ नावाने ओळखले जाणारे हे तंत्र लहान, स्वस्त उपग्रहांसाठी नवे दार उघडू शकते. मात्र आतापर्यंतच्या मोहिमांमध्ये यशाइतकीच अपयशेही आहेत. हे तंत्र काय आहे, ते स्वस्त का आणि अवघड का, आणि भारतासाठी त्यात काय आहे, याचा हा आढावा.

सौरशीड म्हणजे काय?

वाऱ्याने शीड फुगते आणि गलबत पुढे सरकते, हे कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. सौरशिडाचे तत्त्व याच्या जवळपास जाणारे आहे, फक्त वाऱ्याच्या जागी प्रकाश असतो. प्रकाशाच्या कणांना, म्हणजे फोटॉनना वस्तुमान नसते, पण संवेग असतो. आरशासारख्या चकचकीत पडद्यावर आदळून ते परत फिरतात, तेव्हा पडद्याला अतिसूक्ष्म धक्का बसतो. पडदा पुरेसा मोठा आणि उपग्रह पुरेसा हलका असेल, तर हा धक्काही कामी येतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा जो झोत सतत बाहेर पडतो, त्याला ‘सौरवारा’ म्हणतात. सौरशीड त्याच्यावर चालत नाही. सौरवाऱ्याचा दाब प्रकाशाच्या दाबापेक्षा हजारो पटींनी कमी असतो. शिडाला ढकलतो तो प्रकाशच.

ही कल्पना किती जुनी?

धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, हे योहानेस केप्लरने सतराव्या शतकाच्या आरंभी नोंदवले होते. आकाशातील वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांची कल्पनाही त्याने १६१० मध्ये गॅलिलिओला लिहिलेल्या पत्रात मांडली. प्रकाशाला दाब असतो, हे जेम्स क्लर्क मॅक्सवेलने एकोणिसाव्या शतकात गणिताने सांगितले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियाचे प्योत्र लेबेदेव आणि अमेरिकेचे निकोल्स व हल यांनी तो प्रयोगशाळेत मोजून दाखवला.

१९७० च्या दशकात ‘नासा’ने हॅलेच्या धूमकेतूपर्यंत जाणाऱ्या प्रचंड सौरशिडाचा आराखडा तपासला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. मात्र त्यात गुंतलेले अभियंते लुइस फ्रीडमन यांनी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि ब्रूस मरे यांच्यासह १९८० मध्ये ‘प्लॅनेटरी सोसायटी’ स्थापन केली. याच संस्थेने पुढे लोकवर्गणीतून सौरशीड उडवले.

धक्का नेमका किती मोठा असतो?

पृथ्वीच्या अंतरावर सूर्यप्रकाश प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॉट ऊर्जा आणतो. तो पूर्णपणे परावर्तित झाला, तर एका चौरस मीटरवर सुमारे ९ मायक्रोन्यूटन बल मिळते. ‘लाइटसेल २’चे शीड ३२ चौरस मीटरचे होते, म्हणजे मुंबईतल्या एखाद्या ‘वन रूम किचन’एवढे. त्यावर मिळणारे कमाल बल पृथ्वीवर ३० मिलिग्रॅम वजन तळहातावर ठेवल्यावर जाणवेल तेवढे. तांदळाचा एखाद-दुसरा दाणा म्हणा.

मग उपयोग काय? उपयोग आहे तो सातत्याचा. रासायनिक इंजिन काही मिनिटे प्रचंड जोर लावते आणि इंधन संपले की थांबते. प्रकाशाचा धक्का थांबत नाही. पाच किलोच्या उपग्रहावर हे बल अखंड लागू झाले, तर दिवसाकाठी वेगात सेकंदाला सुमारे पाच मीटरची भर पडते. महिनाभरात हीच भर ताशी पाचशे किलोमीटरच्या पुढे जाते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मोहिमेत हे गणित इंजिनाला मागे टाकू शकते.

दिशा कशी बदलता येते?

शीड तिरके केले की धक्क्याची दिशा बदलते. सूर्याभोवती फिरणाऱ्या यानाचा कक्षेतील वेग वाढेल असे शीड धरले, तर यान हळूहळू सूर्यापासून दूर सरकते. वेग कमी होईल असे धरले, तर ते सूर्याकडे आत सरकते. म्हणजे प्रकाश बाहेरच्या दिशेने ढकलत असला तरी सूर्याकडे जाणेही शक्य आहे.

पृथ्वीभोवतीच्या कक्षेत थोडी कसरत करावी लागते. उपग्रह सूर्यापासून दूर जात असतो, तेव्हा शीड सूर्यासमोर पूर्ण धरायचे. तो सूर्याच्या दिशेने येत असतो, तेव्हा शिडाची फक्त कड सूर्याकडे ठेवायची, नाहीतर मिळवलेला वेग परत जातो. ‘लाइटसेल २’ ही ९० अंशांची फिरकी प्रत्येक प्रदक्षिणेत दोनदा घेत असे, आणि एक प्रदक्षिणा सुमारे १०० मिनिटांची होती.

लहान उपग्रहच का?

सौरशिडात सर्वांत महत्त्वाचा आकडा असतो तो दर किलो वजनामागे शिडाचे क्षेत्रफळ किती, याचा. जपानचे ‘इकारोस’ हे यान २०१० मध्ये शुक्राच्या दिशेने निघाले. आंतरग्रहीय अवकाशात प्रकाशाच्या दाबावर चालल्याचे सिद्ध करणारे ते पहिले यान. त्याचे शीड १४ मीटर बाजूच्या चौकोनाएवढे होते, पण वजन सुमारे ३१० किलो होते. म्हणजे दर किलोमागे एक चौरस मीटरही शीड नाही. ‘लाइटसेल २’मध्ये हेच प्रमाण सहा चौरस मीटरहून अधिक होते. सौरशिडासाठी लहान असणे ही तडजोड नाही, तोच खरा फायदा आहे.

दुसरे कारण पैशाचे. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन प्राध्यापक, जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज यांनी ‘क्यूबसॅट’ हे माप ठरवले. १० सेंटिमीटर बाजूचा घन म्हणजे एक एकक. मूळ हेतू विद्यार्थ्यांना परवडणारा उपग्रह बनवता यावा हा होता. माप ठरल्यामुळे प्रक्षेपकात बसवण्याची पेटी सारखी झाली, बॅटरी, रेडिओ, संगणक तयार मिळू लागले आणि मोठ्या उपग्रहासोबत उरलेल्या जागेतून प्रवास शक्य झाला.

या मापात इंधनाची टाकी बसवणे मात्र जिकिरीचे असते. जागा कमी असते आणि दाबाखालच्या टाक्यांमुळे शेजारच्या महागड्या उपग्रहाला धोका नको, म्हणून नियम कडक असतात. त्यामुळे बहुतेक क्यूबसॅट जेथे सोडले जातात, तेथेच फिरत राहतात. स्वतःची कक्षा बदलण्याची ताकद त्यांना देणारे सौरशीड म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

एवढे मोठे शीड एवढ्या छोट्या डब्यात कसे मावते?

‘लाइटसेल २’ तीन एककांचा होता : १० बाय १० बाय ३० सेंटिमीटर. त्याचे शीड मायलार या प्लास्टिकच्या पातळ कापडाचे, जाडी साडेचार मायक्रॉन. माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. ३२ चौरस मीटर मायलारचे वजन हिशेबाने २०० ग्रॅमच्या आसपास भरते. चार त्रिकोणी तुकडे घड्या घालून डब्यात कोंबलेले असतात.

शीड ताणून धरायला डोलकाठ्या लागतात. सुताराकडची स्टीलची टेप आठवा. गुंडाळली की मुठीत मावते, बाहेर ओढली की ताठ उभी राहते. ‘लाइटसेल’च्या चार मीटर लांबीच्या चार धातूच्या पट्ट्या याच तत्त्वावर चालत होत्या. एक छोटी मोटर त्यांना बाहेर ढकलते आणि त्यांच्यासोबत शीड उलगडते.

अडचण अशी की कक्षेत उपग्रह दर प्रदक्षिणेत ऊन आणि गडद सावलीतून जातो. धातूच्या पट्ट्या एका बाजूने तापून वाकतात आणि शीड वेडेवाकडे होते. ‘नासा’ने एप्रिल २०२४ मध्ये न्यूझीलंडहून सोडलेल्या ‘एसीएस ३’ या उपग्रहात यावर उपाय आजमावला. त्याच्या सात मीटरच्या डोलकाठ्या कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या पॉलिमरच्या आहेत. धातूच्या पट्ट्यांपेक्षा त्या ७५ टक्के हलक्या आणि उष्णतेने वाकण्याचे प्रमाण शंभर पटींनी कमी, असा ‘नासा’चा दावा आहे. त्या ऑगस्ट २०२४ मध्ये उघडल्या आणि सुमारे ८० चौरस मीटरचे शीड पसरले. चारपैकी एक डोलकाठी मात्र किंचित वाकल्याचे आढळले. नवे तंत्र पहिल्या फेरीत असेच शिकवते.

स्वस्त असूनही अवघड का?

पहिले कारण, शीड उघडण्याचा क्षण. पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण आणि हवा असते, त्यामुळे अवकाशासारखी तंतोतंत चाचणी घेताच येत नाही. लांब टेबलांवर शीड उघडून पाहणे एवढेच हातात असते. कक्षेत एक घडी अडकली तरी मोहीम संपते.

दुसरे कारण, तोल. शिडावरील दाबाचा मध्यबिंदू आणि उपग्रहाचा गुरुत्वमध्य किंचितही सरकले, तर उपग्रह गोल फिरू लागतो. त्याला आवरण्यासाठी आतील चाके सतत फिरवावी लागतात आणि ती कमाल वेगाला पोहोचली की निरुपयोगी होतात. पृथ्वीजवळ चुंबकीय कांड्यांच्या मदतीने चाकांवरचा हा ताण उतरवता येतो. दूरच्या अवकाशात ती सोय नाही. म्हणून ‘इकारोस’ने शिडाच्या कडेला द्रवस्फटिकाच्या पट्ट्या लावल्या होत्या. त्यांची चमक कमी-जास्त करून शीड वळवता येत असे.

तिसरे कारण, उंची. साधारण ७०० ते ८०० किलोमीटरच्या खाली विरळ का होईना हवा असते आणि मोठे शीड तिला अडवते. तेथे प्रकाशाच्या धक्क्यापेक्षा हवेचा अडसर मोठा ठरतो. ‘लाइटसेल २’ सुमारे ७२० किलोमीटरवर सोडला होता, म्हणजे अगदी सीमारेषेवर. पुढे सूर्य अधिक सक्रिय झाला, वरचे वातावरण तापून फुगले, अडसर वाढला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये हा उपग्रह वातावरणात जळून गेला. ज्या सूर्याने त्याला वर नेले, त्याच सूर्याने त्याला खाली आणले.

आतापर्यंत किती मोहिमा फसल्या?

यादी लांब आहे. ‘कॉसमॉस १’ हे प्लॅनेटरी सोसायटीचे शीड जून २००५ मध्ये रशियन पाणबुडीतून सोडलेल्या प्रक्षेपकासह नष्ट झाले. ‘नासा’चा ‘नॅनोसेल-डी’ ऑगस्ट २००८ मध्ये ‘फाल्कन १’च्या तिसऱ्या अपयशी उड्डाणात गेला. त्याची दुसरी प्रत मात्र २०११ मध्ये कक्षेत उघडली. २०१५ मध्ये ‘लाइटसेल १’चा संगणक दोन दिवसांत गोठला. नोंदींची एक फाइल वाढत गेली आणि तिने यंत्रणाच बंद पाडली. आठ दिवसांनी संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला, म्हणून मोहीम वाचली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आर्टेमिस १’सोबत गेलेल्या ‘निआ स्काउट’चे ८६ चौरस मीटरचे शीड एका लघुग्रहाकडे जाणार होते. त्याच्याशी संपर्कच झाला नाही.

या यादीत लक्षात घेण्यासारखी बाब वेगळीच आहे. यातील बरीच अपयशे शिडाच्या तत्त्वाची नव्हती. प्रक्षेपक, रेडिओ, सॉफ्टवेअर यांनी दगा दिला. आणि उपग्रह स्वस्त असल्यामुळेच पुन्हा प्रयत्न करता आला. ‘लाइटसेल’च्या दोन्ही उड्डाणांचा मिळून खर्च सुमारे ७० लाख डॉलर, म्हणजे ढोबळमानाने ६० कोटी रुपये होता. सरकारी अनुदानाशिवाय, हजारो सामान्य लोकांच्या वर्गणीतून तो उभा राहिला.

भारताचा याच्याशी काय संबंध?

संबंध चार दशकांहून जुना आहे. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेल्या ‘इन्सॅट-१ए’ या उपग्रहावर सौरशीड होते. ते प्रवासासाठी नव्हते, तोल राखण्यासाठी होते. हवामानाची छायाचित्रे घेणारे उपकरण थंड ठेवायचे असल्याने उपग्रहाच्या एकाच बाजूला सौरपट्ट्या लावल्या होत्या. त्या पट्ट्यांवरील प्रकाशाच्या दाबाने उपग्रह कलू नये, म्हणून विरुद्ध बाजूला लांब दांड्यावर शीड होते. ते उघडलेच नाही. इतरही अडचणी होत्या. अखेर दिशा सांभाळण्याचे इंधन संपले आणि सप्टेंबर १९८२ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांत, उपग्रह सोडून द्यावा लागला. पुढे भारतात बनलेल्या ‘इन्सॅट-२’ मालिकेत असे शीड यशस्वीपणे वापरले गेले. प्रकाशाचा दाब हा पुस्तकी विषय नाही, हे ‘इस्रो’ला तेव्हापासून ठाऊक आहे.

पुण्यातील दुवा अधिक ताजा आहे. ‘सीओईपी’ अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोचा उपग्रह जून २०१६ मध्ये ‘पीएसएलव्ही-सी ३४’ने कक्षेत गेला. याच गटाने पुढील उपग्रहासाठी विषय निवडला तो सौरशिडाच्या मदतीने कक्षा बदलून दाखवण्याचा. पदवीच्या विद्यार्थ्यांना हा विषय आवाक्यातला वाटावा, यातच या तंत्राची खरी ओळख आहे.

मग अडते कुठे?

अडते ते मुख्यतः उंचीवर. विद्यार्थ्यांचे आणि नवउद्यमींचे प्रयोग अवकाशात नेण्यासाठी ‘इस्रो’ने ‘पोएम’ ही उत्तम सोय केली आहे. ‘पीएसएलव्ही’चा वापरून झालेला चौथा टप्पा प्रयोगांचे व्यासपीठ म्हणून वापरला जातो. डिसेंबर २०२४ मधील ‘पोएम-४’वर २४ उपकरणे होती. मात्र हे व्यासपीठ सुमारे ३५० किलोमीटरवर फिरत होते. तेथे सौरशीड उघडले, तर ते शीड राहत नाही, ब्रेक होते. शीड उघडते का, हे तेथे तपासता येईल, पण प्रकाशाने कक्षा उंचावते का, हे नाही.

यावर मार्ग आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘पीएसएलव्ही-सी ३५’ने चौथा टप्पा पुन्हा पेटवून एकाच उड्डाणात दोन वेगवेगळ्या कक्षांमध्ये उपग्रह सोडले होते. मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ त्याच उड्डाणात होता. म्हणजे अधिक उंचीची कक्षा निवडून देण्याची क्षमता देशात आहे. प्रश्न आहे तो पाच-दहा किलोच्या प्रयोगासाठी ती वापरायची का, हा.

कचऱ्याचे काय?

उंच कक्षेवर आक्षेप घेतला जातो तो अवकाश कचऱ्याच्या मुद्द्यावर. ८०० किलोमीटरच्या वर बिघडलेला उपग्रह दशकानुदशके, कधी शतकभरही फिरत राहतो. हा आक्षेप रास्त आहे. २०३० पर्यंत आपल्या सर्व अवकाश मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट भारतानेही एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले आहे.

पण शीड येथेही कामी येते. २०११ मध्ये ‘नॅनोसेल-डी २’चे अवघे १० चौरस मीटरचे शीड हवेच्या अडसराने उपग्रहाला सुमारे आठ महिन्यांत खाली घेऊन आले. कक्षा कमी करण्यासाठी शीड वळवले, तर प्रकाशही मदत करतो. म्हणून सौरशिडाच्या प्रत्येक प्रयोगात परतीचा आराखडा सक्तीचा असावा, आणि शीड उघडलेच नाही तर काय, याचेही उत्तर परवानगीपूर्वी घेतले जावे.

पुढे काय?

या तंत्राचा सर्वांत व्यवहार्य उपयोग सौरवादळांच्या इशाऱ्यासाठी होऊ शकतो. भारताचे ‘आदित्य-एल १’ जेथे आहे, तो बिंदू पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. सौरवाऱ्यातील बदल तेथे कळल्यावर पृथ्वीपर्यंत पोहोचायला जेमतेम तासभर लागतो. साध्या यानाला त्या बिंदूपेक्षा सूर्याच्या अधिक जवळ, पृथ्वीशी मेळ राखून थांबता येत नाही. सौरशिडाचे यान प्रकाशाच्या दाबाचा आधार घेऊन ते करू शकते. इशारा जितका आधी, तितके वीजजाळे आणि उपग्रह सांभाळणे सोपे.

तेथवर जाण्यासाठी लागणारी शिडे हजार-दीड हजार चौरस मीटरची असतील. ती एका उडीत बनणार नाहीत. आधी दहा, मग तीस, मग शंभर चौरस मीटर अशीच वाट आहे. या वाटेवरची पहिली पावले स्वस्त आहेत, महाविद्यालयाच्या कार्यशाळेतही टाकता येण्याजोगी आहेत. त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत : दर वर्षा-दोन वर्षांनी प्रयोगांसाठी ७५० किलोमीटरच्या वरची एक जागा, परतीचा कडक नियम, आणि पहिले शीड उघडले नाही तर दुसऱ्याला संधी देण्याचे धोरण.

यातील तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. ‘स्वयम्’ला कागदावरून कक्षेपर्यंत पोहोचायला सुमारे आठ वर्षे लागली. तेवढ्या काळात विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या महाविद्यालयातून बाहेर पडतात आणि शिकलेले त्यांच्यासोबत निघून जाते. अपयश परवडते ते उपग्रह स्वस्त असतो म्हणून, आणि पुढची संधी लवकर मिळते म्हणूनही. यातील पहिली अट विद्यार्थ्यांनी पूर्ण करून दाखवली आहे. दुसरी पूर्ण करणे यंत्रणेच्या हाती आहे.